एकाच तापात दोन विषाणू: कोविड आणि डासांमुळे होणारे ताप एकत्र असतील तर निदान कसं करावं

पावसाळ्यात उष्ण कटिबंधातल्या कुठल्याही दवाखान्यात तापाच्या रुग्णांची रांग वाढते. अंग मोडून आलेलं, डोकं ठणकतंय, भूक गेलेली, एखाद-दुसरी उलटी, थोडा खोकला, कधी जुलाब. पहिल्या दोन दिवसांत नुसतं बघून हा कोविड की डेंग्यू, चिकुनगुन्या की झिका हे कुणालाही खात्रीने सांगता येत नाही, मग अनुभव कितीही असो. त्यामुळे तपासण्या होतात, आणि खरी गडबड तिथेच होते. कोविडचा स्वॅब पॉझिटिव्ह आला की केसपेपरवर ‘कोविड’ लिहून तपास थांबतो. डेंग्यूचं किट पॉझिटिव्ह आलं की स्वॅब घ्यायचाच राहून जातो. उलट दिशेची चूकही तितकीच होते: दोन किटवर दोन रेघा दिसल्या की लगेच ‘दुहेरी संसर्ग’ असा शिक्का मारला जातो.

बहुतेक रुग्णांना यातला एकच आजार असतो. पण दोन्ही एकदम असणारे रुग्ण नक्की सापडतात. २०१९ मध्ये अमेरिका खंडांत डेंग्यूचे ३१ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि पुढच्याच वर्षी कोविडची साथ त्याच देशांतून पसरली. हिंदी महासागरातल्या रेयूनियन बेटावर २०२० मध्ये डेंग्यूची साथ चालू असतानाच कोविड पोहोचला आणि एकाच माणसात दोन्ही विषाणू सापडल्याची नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचं जाहीर केलं, पण विषाणू गेलेला नाही. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस डासही कुठे गेलेला नाही.

हा लेख पहिल्या फळीतल्या डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आहे. रुग्णाच्या घरच्यांनी वाचला तर कुठली तपासणी कधी आणि का सांगितली जाते ते त्यांना समजेल. औषधं मात्र त्यांनी यावरून स्वतःहून सुरू करू नयेत.

दोन्ही निदानं का हवीत

यातल्या कुठल्याच विषाणूवर रामबाण औषध नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असं काही जण विचारतात. उत्तर उपचारांत आहे. दोन आजारांचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात.

गंभीर कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, म्हणून हेपॅरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं दिली जातात. डेंग्यूत प्लेटलेट घसरलेल्या असताना तेच औषध रक्तस्राव घडवू शकतं. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड उपयोगी पडतं, हे २०२० च्या जून महिन्यात ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीतून स्पष्ट झालं. डेंग्यूत स्टिरॉइडचा फायदा सिद्ध झालेला नाही. डेंग्यूच्या गंभीर टप्प्यात रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं आणि वेळेवर सलाईन दिलं नाही तर रुग्ण शॉकमध्ये जातो, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोहोचेनासं होतं. पण फुप्फुसं कोविडने सुजलेली असतील तर जास्तीचं सलाईन श्वास आणखी अवघड करतं. शिवाय कोविडच्या रुग्णाला इतर माणसांपासून वेगळं ठेवायचं असतं आणि डेंग्यूच्या रुग्णाला डासांपासून. एक निदान निसटलं तर यातली एक बाजू पूर्ण सुटते.

पायरी १: तापाचा पहिला दिवस ठरवा

पुढची सगळी इमारत या एका तारखेवर उभी राहते, म्हणून तिच्यासाठी पाच मिनिटं जास्त द्या. ‘ताप कधीपासून?’ या प्रश्नाला ‘दोन-तीन दिवस झाले’ असं उत्तर मिळतं आणि ते बहुतेक वेळा कमी असतं. रुग्ण थर्मामीटर लावला तो दिवस सांगतो, किंवा अंथरूण धरलं तो. त्याऐवजी विचारा: कणकण पहिल्यांदा कधी जाणवली? त्या दिवशी कामावर गेला होतात का? तापाची पहिली गोळी कधी घेतली? कुठला वार होता? घरातल्या दुसऱ्या माणसालाही विचारा. मिळालेला दिवस ‘पहिला दिवस’ म्हणून केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात तारखेसह लिहा आणि प्रयोगशाळेच्या अर्जावरही तीच तारीख टाका. तारखेशिवाय आलेल्या नमुन्याचा निकाल नीट वाचताच येत नाही.

मधल्या काळात ताप पूर्ण उतरून पुन्हा आला होता का, हेही विचारा. डेंग्यूत ताप एखादा दिवस उतरून परत चढू शकतो. पण मध्ये आठ-दहा दिवस माणूस ठणठणीत असेल तर हे दोन वेगळे आजार असू शकतात आणि मग दोन वेगळे ‘पहिले दिवस’ धरावे लागतात. महिन्याभरात आधी कोविड झाला होता का, पूर्वी कधी डेंग्यू झाला होता का, पीतज्वराची किंवा जपानी मेंदूज्वराची लस घेतली आहे का, गेल्या दोन आठवड्यांत प्रवास कुठे झाला, हेही इथेच नोंदवून ठेवा. प्रत्येक उत्तर पुढे किटचा निकाल वाचताना लागणार आहे.

अधिशयन काळ, म्हणजे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, डेंग्यूत बहुधा ४ ते १० दिवसांचा असतो, चिकुनगुन्यात साधारण ३ ते ७ दिवसांचा. कोविडमध्ये तो दोन आठवड्यांपर्यंत लांबू शकतो, पण ओमायक्रॉननंतरच्या प्रकारांत सहसा तीनेक दिवसांचाच दिसतो. हे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की नुसत्या संपर्काच्या तारखेवरून आजार वेगळे करता येत नाहीत.

पायरी २: लक्षणं विचारा, पण त्यांच्यावर निकाल लावू नका

वास किंवा चव अचानक जाणं, घसा खवखवणं, नाक वाहणं, सतत कोरडा खोकला, घरात तीन-चार दिवसांच्या अंतराने एकेक जण आजारी पडणं, या गोष्टी कोविडकडे बोट दाखवतात. डोळ्यांच्या मागे दुखणं, चेहरा आणि छाती लालसर दिसणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मळमळ आणि पोटदुखी डेंग्यूकडे. मनगटं, घोटे आणि बोटांची पेरं दोन्ही बाजूंनी इतकी दुखतात की मूठ वळत नाही, पाऊल टेकवत नाही, असं असेल तर चिकुनगुन्या आधी मनात यावा. बारीक ताप, खाजरी पुरळ आणि चिपडं न येता लाल झालेले डोळे दिसले तर झिका.

पण यातलं एकही लक्षण दुसरा आजार नाकारत नाही. डेंग्यूच्या रुग्णाला खोकला असू शकतो, कोविडमध्ये पुरळ उठू शकते, जुलाब दोन्हींत होतात. एकाच घरात डेंग्यूचे तीन रुग्णही निघतात, कारण डास सगळ्यांना तोच चावतो. आजार त्याच्या नेहमीच्या चालीने जात नसेल तर मात्र कान टवकारा. वास गेलेल्या रुग्णाच्या प्लेटलेट भराभर घसरतायत, किंवा डेंग्यूच्या रुग्णाचा ताप उतरल्यावर खोकला वाढतोय आणि ऑक्सिजन खाली येतोय, अशी विसंगती हे दुहेरी संसर्ग शोधण्याचं सर्वांत मोठं कारण आहे.

टूर्निके चाचणी अजूनही करून बघावी, फुकट आहे. रक्तदाबाचा पट्टा वरच्या आणि खालच्या दाबाच्या मध्यावर पाच मिनिटं फुगवून ठेवायचा आणि मग कोपराच्या खाली एक चौरस इंच जागेत लाल ठिपके मोजायचे. १० किंवा जास्त ठिपके आले तर डेंग्यूची शंका वाढते. कमी आले म्हणून ती जात नाही.

पायरी ३: तपासण्यांच्या आधी धोका ओळखा

निकाल यायला काही तास किंवा एक दिवस लागेल. तोवर रुग्णाला घरी पाठवायचं की ठेवून घ्यायचं हे तुमच्या डोळ्यांनी आणि हातांनी ठरतं.

डेंग्यूची धोक्याची लक्षणं: पोटात सतत दुखणं किंवा दाबल्यावर दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्या-नाक-योनीमार्ग अशा ठिकाणांहून रक्त, ग्लानी किंवा अस्वस्थपणा, यकृत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढलेलं हाताला लागणं, छातीत किंवा पोटात पाणी साठणं, आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) वर जात असताना प्लेटलेट झपाट्याने खाली येणं. कोविडच्या बाजूने पाहायचं ते श्वासाची गती आणि ऑक्सिजनची पातळी. मोठ्या माणसात मिनिटाला ३० हून जास्त श्वास किंवा ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली हा गंभीर आजार समजावा. ९४ च्या खाली आलं की लगेच जवळून लक्ष ठेवायला लागावं.

दोन्ही शंका असतील तेव्हा पल्स ऑक्सिमीटर फसवू शकतो. डेंग्यूचा शॉक सुरू होताना हातपाय गार पडतात, बोटातला रक्तप्रवाह कमी होतो आणि यंत्र चुकीचा आकडा दाखवतं किंवा दाखवतच नाही. म्हणून बोट गार लागलं तर यंत्रावर विसंबू नका. नाडी, नखावर दाबून रंग परत यायला लागणारा वेळ आणि रक्तदाबाचे दोन्ही आकडे बघा. वरचा दाब १०० आणि खालचा ८० असेल तर नुसता वरचा आकडा वाचणाऱ्याला सगळं ठीक वाटेल, पण दोन्हींतलं अंतर २० वर आलेलं आहे आणि हा शॉकचा इशारा आहे. तसंच, चालवून ऑक्सिजन बघण्याची कोविडमधली चाचणी धोक्याची लक्षणं असलेल्या डेंग्यूच्या संशयितावर करू नका. तो चालताना कोसळू शकतो.

पायरी ४: दिवसानुसार तपासण्या निवडा

दिवस कोणताही असो, पहिल्याच भेटीत चार गोष्टी व्हाव्यात: संपूर्ण रक्तगणना, मलेरियासाठी रक्ताची काच किंवा रॅपिड चाचणी, कोविडचा स्वॅब आणि डेंग्यूची चाचणी. मलेरिया विषाणूमुळे होत नाही, तरी तो या यादीत सगळ्यात वर आहे, कारण त्यावर औषध आहे आणि उशीर झाला तर तो जीव घेतो. त्या भागात लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस किंवा विषमज्वर असतील तर त्यांचाही विचार याच वेळी व्हावा. दोन विषाणू शोधण्याच्या नादात औषधाने बरा होणारा तिसरा आजार सुटणं फार वाईट.

पहिल्या ते पाचव्या दिवसापर्यंत विषाणू थेट सापडतो. डेंग्यूसाठी एनएस१ प्रतिजन (अँटिजन, म्हणजे विषाणूचं प्रथिन) किंवा आरटी-पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी), चिकुनगुन्या आणि झिकासाठी पीसीआर, कोविडसाठी रॅपिड अँटिजन किंवा पीसीआर. एकाच नमुन्यातून डेंग्यू, झिका आणि चिकुनगुन्या शोधणारा एकत्रित पीसीआर जिथे मिळतो तिथे तोच वापरावा.

पाचव्या दिवसाच्या सुमारास रक्तातला डेंग्यूचा विषाणू ओसरू लागतो आणि आयजीएम प्रतिद्रव्यं (संसर्गानंतर शरीर आधी तयार करतं ती) दिसू लागतात. ती पाचव्या दिवसापर्यंत सुमारे ८० टक्के रुग्णांत आणि दहाव्या दिवसापर्यंत ९९ टक्के रुग्णांत सापडतात. म्हणून चौथ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान एनएस१ आणि आयजीएम दोन्ही एकत्र करणं शहाणपणाचं. दुसऱ्या दिवशी फक्त आयजीएम करून ‘डेंग्यू नाही’ म्हणणं चूक आहे, आणि नवव्या दिवशी फक्त एनएस१ करून तसं म्हणणंही. ज्याला पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे त्याच्यात एनएस१ लवकर नाहीसा होतो, कारण जुनी प्रतिद्रव्यं त्याला बांधून टाकतात. अशा रुग्णाचा एनएस१ निगेटिव्ह आला तरी खात्री धरू नका, आणि दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू जास्त गंभीर असू शकतो हे लक्षात ठेवा.

झिकाची शंका असेल तर रक्ताबरोबर लघवीचाही नमुना घ्या. लघवीत विषाणू रक्तापेक्षा जास्त दिवस, साधारण दोन आठवड्यांपर्यंत सापडू शकतो.

नमुन्याबद्दल थोडंसं. पीसीआरसाठीचं रक्त हेपॅरिनच्या नळीत घेऊ नका, हेपॅरिन पीसीआरची प्रक्रियाच अडवतं. साधी किंवा ईडीटीएची नळी वापरा. स्वॅबची काडी कृत्रिम धाग्याची आणि प्लॅस्टिकच्या दांड्याची असावी, लाकडी नको. स्वॅब विषाणूवाहक द्रवात टाकून २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवला तर ७२ तासांपर्यंत चालतो. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंशाचा फ्रीझर लागतो. पहिल्या भेटीतल्या रक्ताचा थोडा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) जपून ठेवता आला तर पुढे त्याचं मोल कळतं. का, ते सहाव्या पायरीत येईल.

पायरी ५: रक्तगणना वाचा

ही सगळ्यात स्वस्त तपासणी दुहेरी संसर्गाची पहिली चाहूल देते, पण तिचा एक कागद पुरत नाही. ओळीने तीन-चार दिवसांचे आकडे शेजारी मांडून बघावे लागतात.

डेंग्यूत तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यानंतर प्लेटलेट घसरतात, आणि काचेवर बदललेल्या आकाराच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसू लागतात. कोविडमध्ये लिम्फोसाइट कमी होतात, पण प्लेटलेट बहुधा थोड्याच हलतात. चिकुनगुन्यातही लिम्फोसाइट कमी होतात आणि प्लेटलेट एक लाखाच्या खाली क्वचितच जातात. म्हणून कोविड पक्का झालेला असताना प्लेटलेट रोज निम्म्या होत असतील तर डेंग्यू शोधायलाच हवा. अचानक फार कमी आकडा आला आणि रुग्ण बरा दिसत असेल तर काचेवर बघून खात्री करा. ईडीटीएमुळे प्लेटलेटचे पुंजके होऊन यंत्र कमी मोजतं.

सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटवर असतं. माझं मत विचाराल तर हिमॅटोक्रिटवर ते जास्त असायला हवं. प्लेटलेट २० हजार असून माणूस धडधाकट असू शकतो. हिमॅटोक्रिट ४० वरून ४८ वर गेलं, म्हणजे २० टक्क्यांनी वाढलं, तर रक्तातलं पाणी बाहेर झिरपत असण्याची दाट शक्यता असते, आणि कोविडमध्ये असं सहसा होत नाही. ही वाढ मोजायची तर सुरुवातीचा आकडा हाताशी हवा, म्हणूनच पहिल्या भेटीत रक्तगणना करायची.

यकृताच्या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या दोन विकरांपैकी डेंग्यूत एएसटी सहसा एएलटीपेक्षा जास्त वाढतं. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन) डेंग्यूत फारसं चढत नाही. ते खूप वाढलेलं असेल तर कोविडचा न्यूमोनिया, जिवाणूंचा संसर्ग किंवा मुलांमधला तो दाहाचा आजार ज्याबद्दल पुढे लिहिलं आहे, यांचा विचार करा. फेरिटिन आणि डी-डायमर या रक्तातल्या खुणा दोन्ही आजारांत वाढतात, त्यामुळे निदानासाठी त्यांचा उपयोग कमी.

पायरी ६: पॉझिटिव्ह रेघेवर लगेच विश्वास ठेवू नका

२०२० च्या सुरुवातीला सिंगापूरमधल्या दोन रुग्णांचं डेंग्यूचं रॅपिड किट पॉझिटिव्ह आलं आणि त्यांना डेंग्यूचे रुग्ण समजण्यात आलं. पुढे दोघांनाही कोविड निघाला. डेंग्यूच्या पुन्हा केलेल्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. म्हणजे त्यांना डेंग्यू नव्हताच, किटने खोटा होकार दिला होता. मधल्या काळात कोविडची खबरदारी घेतली गेली नाही, ही त्यातली गंभीर बाब. उलटही घडतं: डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तात कोविडच्या प्रतिद्रव्यांची चाचणी चुकून पॉझिटिव्ह आल्याचं आढळलं आहे.

आयजीएम खोटं का बोलतं, याची तीन कारणं. पहिलं, दुसऱ्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं किटला चिकटतात. डेंग्यू, झिका, पीतज्वर, जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाइल हे एकाच कुळातले विषाणू आहेत, म्हणून त्यांच्यात ही गफलत फार होते. चिकुनगुन्या वेगळ्या कुळातला आहे, त्यामुळे डेंग्यूशी त्याची अशी सरमिसळ सहसा होत नाही. दुसरं, आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहतं, म्हणजे आज दिसलेलं आयजीएम दीड महिन्यापूर्वीच्या डेंग्यूचं असू शकतं. तिसरं कारण गणिताचं आहे आणि ते सर्वाधिक दुर्लक्षित राहतं.

समजा, एक चाचणी डेंग्यू नसलेल्या १०० पैकी ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. कोविडच्या १०० रुग्णांपैकी खरोखर डेंग्यूही असलेले फक्त २ आहेत. चाचणीने ते दोन्ही पकडले तरी उरलेल्या ९८ मधून सुमारे ५ खोटे पॉझिटिव्ह येतील. एकूण ७ पॉझिटिव्ह, त्यात खरे २. आता डेंग्यूची मोठी साथ आहे आणि १०० पैकी २० जणांना तो खरोखर आहे असं धरा. चाचणीने त्यातले १८ पकडले आणि ८० मधून ४ खोटे आले, तर २२ पैकी १८ खरे. किट तेच, रेघ तीच, पण तिचा अर्थ साथीप्रमाणे बदलला. म्हणून आपल्या भागात या आठवड्यात काय चाललं आहे हे माहीत असल्याशिवाय रॅपिड किट वाचू नये.

शंका असेल तर दोन मार्ग आहेत. पहिल्या आठवड्यात असाल तर एनएस१ किंवा पीसीआरने थेट विषाणू शोधा. उशीर झाला असेल तर पहिल्या भेटीतला जपून ठेवलेला सीरम आणि १० ते १४ दिवसांनंतरचा सीरम एकाच वेळी तपासून घ्या. आधी निगेटिव्ह असलेलं आयजीएम पॉझिटिव्ह झालं, किंवा आयजीजीची (नंतर तयार होऊन दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिद्रव्यांची) पातळी चौपट वाढली, तर संसर्ग ताजा आहे. अजून बारकाईने वेगळं करायचं असेल तर संदर्भ प्रयोगशाळेत विषाणू निष्प्रभ करणाऱ्या प्रतिद्रव्यांची चाचणी होते, पण तिला वेळ लागतो आणि रोजच्या कामात ती उपयोगी नाही.

कोविडच्या बाजूलाही सापळे आहेत. रॅपिड अँटिजन पॉझिटिव्ह आला आणि लक्षणं जुळत असतील तर तो मानावा. निगेटिव्ह आला तर ४८ तासांनी पुन्हा करावा किंवा पीसीआर घ्यावा. पीसीआर बरं झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतो. महिन्यापूर्वी कोविड झालेल्या माणसाला आज डेंग्यू झाला आणि पीसीआर क्षीण पॉझिटिव्ह आला, तर तो दुहेरी संसर्ग असेलच असं नाही. तिथे अँटिजन चाचणी जास्त उपयोगी, कारण ती बहुधा ताज्या संसर्गातच पॉझिटिव्ह येते. कोविडची प्रतिद्रव्यं चालू आजाराच्या निदानासाठी मोजूच नयेत, लस आणि जुने संसर्ग यांमुळे ती जवळपास सगळ्यांच्या रक्तात असतात.

पायरी ७: निष्कर्ष खात्रीच्या पातळीसह लिहा

केसपेपरवर नुसतं ‘कोविड आणि डेंग्यू’ लिहू नका. मी पुढीलप्रमाणे लिहावं असं सुचवतो. एकाच आजारपणात दोन्ही विषाणू पीसीआर किंवा प्रतिजन चाचणीने थेट सापडले तर ‘निश्चित’. एक थेट सापडला आणि दुसऱ्याचा पुरावा जोडीच्या सीरममधल्या वाढीचा असेल तर ‘दाट शक्यता’. एक थेट सापडला आणि दुसऱ्याचं फक्त एकदाच केलेलं आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर ‘संशयित’. नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह हा पूर्वीच्या संसर्गाचा पुरावा आहे, आजच्या निदानात त्याला जागा नाही. कागदावरची ही पातळी पुढच्या डॉक्टरला सांगते की कशावर विसंबायचं आणि काय पुन्हा तपासायचं. साथीची आकडेवारी गोळा करणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो.

पायरी ८: दम लागला तर तो कशामुळे, ते शोधा

दुहेरी संसर्गातला सगळ्यात कठीण प्रसंग हा. डेंग्यूत दम लागतो तो बहुधा चौथ्या ते सहाव्या दिवसांच्या आसपास, ताप उतरताना, छातीत पाणी साठल्यामुळे. कोविडच्या न्यूमोनियाचा दम सहसा पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला येतो. वेळ जवळजवळ तीच असल्याने एक्स-रे किंवा सोनोग्राफी लागतेच. एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसांच्या कडेच्या आणि खालच्या भागात धूसर डाग असतील तर कोविडचा विचार, तळाशी पाणी असेल, त्यातही उजवीकडे, तर डेंग्यूचा. सोनोग्राफी मिळत असेल तर आधी तीच करा. छातीतलं आणि पोटातलं पाणी, पित्ताशयाची जाड झालेली भिंत हे सगळं ती खाटेशेजारी दाखवते.

तिसरं कारण आपण स्वतः निर्माण केलेलं असू शकतं: जास्तीचं सलाईन. गेल्या २४ तासांत किती गेलं आणि लघवी किती झाली हे बघितल्याशिवाय दमाचं कारण ठरवू नका.

मुलं आणि गरोदर स्त्रिया

मुलांमध्ये एक वेगळाच पेच उभा राहतो. कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांच्या अनेक अवयवांत एकदम दाह होतो. तीन दिवस किंवा जास्त ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, उलट्या, कमी प्लेटलेट आणि शॉक. हे वर्णन डेंग्यू शॉकचंही आहे. फरक करायचा तर सीआरपी आणि न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) बघा: दाहाच्या आजारात दोन्ही खूप वाढतात, डेंग्यूत पांढऱ्या पेशी कमी असतात आणि हिमॅटोक्रिट वर जातं. हृदयाची सोनोग्राफी लवकर करून घ्या, कारण दाहाच्या आजारात हृदयाचे स्नायू आणि त्याच्या रक्तवाहिन्या दुखावतात, आणि अशा मुलाला डेंग्यू समजून भराभर सलाईन देणं घातक ठरू शकतं. त्या आजारात स्टिरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन लागतं, म्हणून निदान लवकर व्हायला हवं.

गरोदर स्त्रीला ताप असेल तर झिका जिथे आढळतो तिथे त्याची चाचणी वगळू नका, लक्षणं कितीही सौम्य असोत. गर्भाच्या मेंदूवर त्याचा परिणाम होऊ शकतो. गरोदरपणात हिमॅटोक्रिट मुळातच कमी असतं, त्यामुळे तिची वाढ तिच्याच आधीच्या आकड्याशी ताडून बघा.

निकाल येईपर्यंत काय करायचं

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, आणि तेही मोजून. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक डेंग्यू नाकारेपर्यंत देऊ नका, सांधे कितीही दुखत असले तरी. ऑक्सिजन लागत नसेल तर स्टिरॉइड देऊ नका, कोविड पक्का असला तरी. रक्त पातळ करणारं औषध सुरू करण्याआधी त्याच दिवशीच्या प्लेटलेट बघा, ५० हजारांखाली असतील तर पूर्ण मात्रा फार धोक्याची. कोविडवरचं रेमडेसिव्हिर द्यायची वेळ आली तर आधी यकृताच्या तपासण्या बघाव्या लागतात, आणि डेंग्यू नेमक्या त्याच वाढवतो. रक्तस्राव नसताना केवळ आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवू नका. सलाईन लागलं तर थोडं देऊन दर तासा-दोन तासांनी नाडी, रक्तदाब, श्वास आणि लघवी बघून पुढचं ठरवा. दुहेरी संसर्गात ठरावीक मात्रेचा तक्ता आंधळेपणाने चालवता येत नाही.

रुग्णाला मास्क आणि मच्छरदाणी दोन्ही द्या. एडिस दिवसा चावतो, म्हणून मच्छरदाणी दिवसाही हवी, निदान तापाचा पहिला आठवडा. हवा खेळती राहावी म्हणून विलगीकरणाच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या असतात, त्यांना जाळी बसवलेली असेल याची खात्री करा.

घरी पाठवलेल्या रुग्णाची रक्तगणना ताप उतरल्यानंतरही ४८ तास रोज व्हावी. डेंग्यूत ताप उतरणं ही धोक्याच्या काळाची सुरुवात असू शकते, हे घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, कारण त्यांना तेव्हाच हायसं वाटलेलं असतं. ऑक्सिजनची नोंद मात्र दहाव्या दिवसापर्यंत चालू ठेवायला सांगा. डेंग्यूचा धोका टळलेला असतो त्याच सुमारास कोविडचा न्यूमोनिया डोकं वर काढू शकतो. हातात द्यायच्या कागदावर तापाच्या पहिल्या दिवसाची तारीख, आतापर्यंतचे हिमॅटोक्रिट आणि प्लेटलेटचे आकडे, केलेल्या प्रत्येक चाचणीचं नाव आणि ती कितव्या दिवशी केली ते लिहा. रात्री दुसऱ्या रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून शोधावं लागणार नाही.